चादर ओढणारे मास्तर

उदास माणसाला उठवायची मास्तरांची ठरलेली पद्धत होती. आधी खोलीतला पडदा सरकवायचा, मग अंगावरची चादर पायाकडून एका झटक्यात ओढायची, आणि माणूस डोळे चोळतोय तोवर कानाशी शिट्टी वाजवायची. पायाकडून का, तर डोक्याकडून ओढली की माणूस ती घट्ट धरून ठेवतो. हे शास्त्र मास्तरांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. पुढे ते पुष्कळ लोकांनी वाचलं, घरी वापरलं, एकमेकांना पाठवलं आणि मास्तरांचे आभार मानले. ज्यांच्या अंगावरची चादर गेली त्यांनी आभार मानले की नाही, हे कोणी विचारलं नाही.

मास्तर एका शाळेत कसरतीचे शिक्षक होते. हजेरीपटावर त्यांचं काहीतरी नाव असणारच, पण सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. शिट्टी काळ्या दोरीत ओवलेली, अंघोळीपुरती खुंटीवर आणि एरवी छातीवर. पोरांना ते नावाने हाक मारत नसत. ज्याच्यात जी खोट दिसेल तेच त्याचं नाव. पाठीत बाक असलेला तो वाकड्या, जाडा तो भोपळ्या. मास्तरांनी ठेवलेलं नाव पोराला जन्माचं पुरायचं. त्यांची एकुलती एक मुलगी त्याच शाळेत शिकायची. पहिल्याच दिवशी रांगेत तिचे हात ताठ झाले नाहीत म्हणून ती ढिली झाली. "फाटकाच्या आत मी तुझा बाबा नाही, सर आहे," असं त्यांनी तिला बजावलं. फाटकाबाहेर आल्यावर पुन्हा बाबा व्हायचं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ढिली घरातही त्यांना सरच म्हणायला लागली.

घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावरचं. बाहेरच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावलेलं, कारण मधली जागा कसरतीला मोकळी हवी. तिथे फरशीवर मास्तरांनी पांढऱ्या रंगाने दोन पावलं काढून ठेवली होती. उभं राहायचं ते तिथेच. पाहुणेसुद्धा त्या पावलांना वळसा घालून खुर्चीपर्यंत जायचे. मास्तर वाईट माणूस नव्हते. पीत नसत, कुणाचं काही घेत नसत, मैदानावर चक्कर आलेल्या पोराला खांद्यावर टाकून घरी पोचवत. दुष्ट असते तर बरं झालं असतं. दुष्ट माणूस कधीतरी दमतो, दुसऱ्याचं भलं करायला निघालेला दमत नाही.

ढिली मोठी झाली आणि एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवायच्या कामाला लागली. काम चोख होतं, मालक खूश होता. आणि एका सकाळी ती उठलीच नाही. ताप नव्हता, कुठे दुखत नव्हतं, कुणी काही लावून बोललं नव्हतं. शेजारच्या काकूंनी प्रेमप्रकरण शोधून पाहिलं, आत्याने नोकरीतला त्रास शोधला, कुणाच्याच हाती काही लागलं नाही. कारण नव्हतंच. मास्तरांना नेमकं हेच खपेना. तिचा पाय मोडला असता तर त्यांनी तिला पाठुंगळी घेऊन गावभर फिरवलं असतं. धड पाय असून माणूस पडून राहतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती.

"थेरं आहेत सगळी," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पडदा, चादर, शिट्टी सुरू झालं.

बैठका, भिंतीला हात टेकून जोर, जागच्या जागी धावणं. ढिली पांढऱ्या पावलांवर उभी राहून रडत रडत मोजायची. मास्तर म्हणायचे, "रड खुशाल, पण मोजताना चुकू नकोस." चुकली की, "पहिल्यापासून." सगळं संपलं की ती पुन्हा जाऊन पडायची, आणि आता पडून राहण्याची लाजही सोबतीला असायची. कसरतीत वाईट काही नव्हतं. पुढे डॉक्टरबाईंनीही तिला रोज थोडं चालायला सांगितलंच. पण त्यांनी आधी तिला बसवलं, पाणी दिलं आणि काय होतंय ते विचारलं.

डॉक्टरबाईंकडे तिला आईने नेलं. आई बोलायला गरीब आणि करायला पक्की. "शिंपिणीकडे माप द्यायला जाऊन येतो," असं सांगून मायलेकी बाहेर पडायच्या. पहिल्या दिवशी बाईंनी शिट्टी वाजवली नाही एवढ्यावरच ढिलीला हुंदका फुटला. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं, आणि शिंपिणीकडच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की मास्तर म्हणाले, "एवढं शिवून घेताय, अंगावर तर एक नवा कपडा दिसत नाही."

"बिघडवते मेली," आई म्हणाली. "पुन्हा उसवायला द्यावं लागतं."

गोळ्या आई बटणांच्या डब्यात ठेवायची. मास्तरांचं बटण तुटलं तर ते सदरा तसाच पुढे करत, डबा उघडायच्या भानगडीत पडत नसत. त्यांना कळलं तर डबा खिडकीबाहेर जाणार, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

हळूहळू ढिली सावरली. एका सकाळी मास्तर चादर ओढायला आले तर ती पलंगावर बसून केस विंचरत होती. मास्तरांनी तोंडातली शिट्टी खाली सोडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरं पाणी. "पाहिलंस?" ते आईला म्हणाले. "शिट्टीने उठवली पोरीला!" ढिली तोंड उघडणार तोच आईने डोळे मोठे केले, आणि मग आत ओट्यापाशी नेऊन कानात सांगितलं, "श्रेय त्यांना खाऊ दे. तू आपली गोळी खा." दोघी तोंड दाबून हसल्या. ते हसू ढिलीला पुढे फार महागात पडलं.

वर्षं गेली. आई साध्या आजाराचं निमित्त होऊन गेली. ढिलीचं लग्न जमलं नाही. जमवायला आलेल्या माणसांना मास्तर प्रामाणिकपणे सांगत, "हिला उठवायचं तंत्र मलाच ठाऊक आहे." मग मास्तर निवृत्त झाले, आणि ओरडायला एकही पोरगा हाताशी उरला नाही. ते दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्यावर ओरडले, जिन्यात बसणाऱ्या मांजरावर ओरडले. शेवटी घरात शांतता हवी म्हणून ढिलीनेच सुचवलं, "सर, ब्लॉग लिहा. तुम्ही सांगा, मी टाइप करते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ब्लॉगचं नाव मास्तरांनी ठेवलं, ‘उठा!’. हात मागे बांधून ते पांढऱ्या पावलांभोवती फिरत सांगायचे आणि ढिली टाइप करायची. खुर्चीच्या आधाराने बैठका कशा काढाव्यात, पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनी दंड कसे कमवावेत, घरातल्या घरात घाम कसा गाळावा. हे सगळं खरंच उपयोगी होतं. गुडघे धरलेल्या आज्या, दिवसभर खुर्चीला चिकटलेले कारकून, बाळंतीण सुना, सगळ्यांचे धन्यवाद येऊ लागले. ढिली ते वाचून दाखवायची. मास्तरांचे डोळे संगणकाच्या उजेडाने चुरचुरायचे, म्हणून ते स्वतः ब्लॉग कधी उघडत नसत.

पण नुसत्या गुडघ्यांवर मास्तरांचं कसं भागणार? एक दिवस ते म्हणाले, "लिही. उदासीवर उतारा." पडदा आला, चादर आली, शिट्टी आली. मग म्हणाले, "लिही. माझ्या स्वतःच्या मुलीला मी असंच उठवलं." ढिलीची बोटं थांबली.

"का थांबलीस? एवढं जुळवता येत नाही?"

तिने जुळवलं. त्या लेखावर मास्तरांना फोटो हवे होते, ‘आधी’चा आणि ‘नंतर’चा. नंतरचा सोपा होता, हात वर करून हसायचं. आधीच्या फोटोसाठी त्यांनी तिला पलंगावर झोपवलं आणि गळ्यापर्यंत चादर ओढली. "तेव्हा करायचीस तसं तोंड कर," ते म्हणाले. ढिलीने केलं. चादरीखाली ते जुनं जडपण पायांकडून वर सरकतंय असं तिला वाटलं आणि ती घाबरून उठून बसली. "हललीस," मास्तर म्हणाले. "पुन्हा झोप." फोटो चांगला आला. तो पाहून लोकांना रडू आलं म्हणे.

मग पत्रांचा पूर लोटला. भाऊ उठत नाही, बायको बोलत नाही, मुलगा दार उघडत नाही. मास्तरांचं उत्तर एकच. "भावाची चादर ओढली, तो ओरडला, पण उठला," असं कुणी कळवलं की मास्तर म्हणत, "शाबास लिही." ढिली शाबास लिहायची आणि रात्री तिला जेवण जात नसे.

एक गोष्ट तिने गुपचूप केली. ब्लॉगच्या कोपऱ्यात तिने एक साधं पान जोडलं, ‘कुणाशी बोलावंसं वाटलं तर’. त्यात डॉक्टरबाईंचा पत्ता होता, मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते होतं, आणि फोनवर नुसतं ऐकून घेणाऱ्या एका संस्थेचा नंबर होता. खाली तिने लिहिलं, ‘उठता येत नसेल तर पडून फोन करा.’ ते पान मास्तरांना वाचून दाखवायचा प्रश्नच नव्हता. ढिलीचा तोच बटणांचा डबा होता.

शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरला तेव्हा डबा उघडला. भर सभेत एक बाई मास्तरांपुढे येऊन रडवेली होऊन म्हणाली, "सर, तुमच्या त्या पानावर पत्ता होता म्हणून आमचे हे डॉक्टरांकडे गेले. आता कामावर जातात. तुमचे उपकार कसे फेडू?" मास्तरांनी हसून मान हलवली. घरी येऊन दार लावून घेतल्यावर म्हणाले, "काढ ते पान."

"सर, लोकांना उपयोग होतोय."

"माझ्या नावावर लोकांना पांगळं करतेस? काढ. नको, थांब. तू नको. कुठे दाबायचं ते दाखव."

ढिलीने दाखवलं. मास्तरांनी आपल्या जाड बोटाने दाबलं आणि पान गेलं. मग उभ्या उभ्या त्यांनी नवा लेख सांगितला, ‘गोळ्या म्हणजे कुबड्या’. शेवटचं वाक्य होतं, ‘खोटं वाटत असेल तर माझ्या मुलीला विचारा.’ तेही ढिलीनेच टाइप केलं आणि वर स्वतःचा फोटो लावला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथे तोंडही तिचंच होतं आणि दाबणारा हातही. केस पिकायला लागलेली, मिळवती बाई ती. एक वाक्य बोलली असती तर संपलं असतं. पण ती मूठ आईने झाकलेली होती, आणि मेलेल्या आईची चहाडी बापाकडे करायची तिला हिंमत झाली नाही.

आणि मग एका सकाळी मास्तर उठले नाहीत.

ताप नव्हता. पडले नव्हते, धडपडले नव्हते, कुणी काही बोललं नव्हतं. ढिली चहा घेऊन गेली तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले, डोळे उघडे. "सर, चहा," ती म्हणाली. "ठेव," ते म्हणाले. संध्याकाळी चहा तिथेच होता, वर साय धरून. तिसऱ्या दिवशी दाढी वाढली, अंघोळ बंद झाली, शिट्टी छातीवरून घसरून काखेत गेली ती त्यांनी सरळही केली नाही. ढिलीला कोणी सांगायची गरज नव्हती. अंधारात आपली चप्पल पायाला कळावी तसं तिला ते कळलं.

तिने एकदा विचारलं, "सर, डॉक्टरांकडे जायचं?" मास्तर भिंतीला म्हणाले, "मला काय झालंय?"

ब्लॉगवर नवं काही येईना, तेव्हा भोपळ्याचा फोन आला. भोपळ्या आता इमारती बांधायचा, चार माणसं त्याच्या मागेपुढे असायची, पण स्वतःची ओळख अजून ‘सरांचा भोपळ्या’ अशीच करून द्यायचा. "काय झालंय सरांना?" त्याने विचारलं. ढिलीच्या मनात दोन वाक्यं आली. एक, सर आजारी आहेत. दुसरं, सर उठत नाहीत. दोन्ही खरी होती. पहिल्या वाक्याने घरात फळांच्या पिशव्या आल्या असत्या. दुसऱ्याने काय येईल ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"सर उठत नाहीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळ्या आला, वाकड्या आला, आणखी दोघं आले. पायांत कोरे बूट, डोळ्यांत पाणी. सरांनी आपल्याला माणूस केलं, आता आपली पाळी, असं म्हणत ते आत शिरले. वाकड्याने पडदा सरकवला. भोपळ्याने चादर पायाकडून ओढली. शिट्टी त्याने नवी विकत आणली होती, ती वाजवली. मास्तर उठले. उठवलं की उठायचं, हे त्यांनीच तर जगाला शिकवलं होतं. पोरांनी त्यांना पांढऱ्या पावलांवर उभं केलं. बैठका काढताना त्यांचे पाय लटपटत होते आणि नाकातून पाणी गळत होतं.

"रडा, सर, पण मोजताना चुकू नका," वाकड्या प्रेमाने म्हणाला, आणि सगळे हसले. मास्तर चुकले. "पहिल्यापासून!" चौघं एका सुरात ओरडले.

ढिली आतल्या दारात उभी होती. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. अंगातून काहीतरी गरम फिरावं तसं बरं वाटलं. मंडळी गेल्यावर मास्तर पलंगावर कोसळले, आणि त्यांचा हात न बघता चादर शोधू लागला. तो हात तिने पाहिला. असाच चाचपडणारा हात एके काळी तिचा होता. मगाचं बरं वाटणं तिथेच नासलं. तरीही दुसऱ्या दिवशी चौघं आले तेव्हा दार तिनेच उघडलं.

असं बरेच दिवस चाललं. मास्तर वाळत चालले, आणि भोपळ्या म्हणायचा, "बघा, चरबी झडली."

एका संध्याकाळी ढिली कामावरून आली तर खोलीतून हाक आली. "ढिले."

ती जाऊन उभी राहिली.

"तू कशी उठलीस गं?" मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. "तू केलंस तेच मी करतोय. रोज करतोय. मोजतोयसुद्धा. मग मला का जमत नाही?"

आजवर मास्तरांनी तिला सांगितलंच होतं, विचारलं आज पहिल्यांदा. ढिली पलंगाच्या कडेला बसली. आपण आता दया करतोय की सूड घेतोय, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

"मी गोळ्यांनी उठले, सर. डॉक्टरबाईंच्या. शिट्टीने नाही."

मास्तरांनी चादरीची शिवण बोटाने चाचपली. मग, "शिंपीण?"

"शिंपीण नव्हतीच."

"तुझ्या आईला ठाऊक होतं?"

"तीच न्यायची मला."

मास्तरांची पाठ थोडी आखडली. ढिली घाईघाईने बोलत सुटली. डॉक्टरबाई अजून आहेत, केस पांढरे झालेत, पण बसतात त्याच जागी. बोलतात छान. पहिले काही दिवस काही वाटत नाही, मग हळूहळू उजाडतं. उद्या जाऊ, गाडी करू, कुणाला कळणार नाही.

"पुसून टाक," मास्तर म्हणाले.

ढिलीचा जीव भांड्यात पडला. "सगळा ब्लॉग?"

"ब्लॉग नाही. आत्ता बोललीस ते."

आणि मग त्यांनी तिला संगणक आणायला सांगितला. हनुवटीपर्यंत चादर, डोळे मिटलेले, असे ते सांगू लागले. "लिही. आज सकाळी मी उठलो. मलाही गाठायला आली होती उदासी, पण मी तिला शिट्टीने पळवून लावलं. डॉक्टर नाही, गोळी नाही." ढिलीच्या तोंडून ‘नाही’ असा शब्द निघालासुद्धा. हात मात्र टाइप करत राहिले, त्यांना तीच सवय होती.

लोकांना किती आनंद झाला म्हणून सांगू! टाळ्या काय, अभिनंदन काय. ढिली नेहमीप्रमाणे एकेक वाचून दाखवत होती. एका बापाने लिहिलं होतं, "सर, तुमच्यामुळे हुरूप आला. माझी मुलगी गोळ्या घेते. आज तिच्या सगळ्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या. उद्यापासून पडदा, चादर, शिट्टी."

मास्तरांनी डोळे उघडले. आता खोलीत दोघांनाही खरं ठाऊक होतं. "काय लिहू, सर?" ढिलीने विचारलं आणि ती थांबली. तिला मनापासून वाटत होतं की हा माणूस एवढ्या एका वेळी तरी बदलेल.

मास्तरांनी ओठ ओले केले. "शाबास लिही," ते म्हणाले.

ढिलीने लिहिलं, "गोळ्या आत्ताच्या आत्ता मुलीला परत द्या. उद्या तिच्या डॉक्टरांना भेटा. फोटोतली मुलगी मीच आहे, आणि मी गोळ्यांनी बरी झाले." मास्तरांना तिने सांगितलं, "शाबास लिहिलं." आईसारखाच तिचा आवाज जराही हलला नाही.

उत्तर लगेच आलं. "ताई, ब्लॉग सरांचा आहे. तुम्ही मध्ये बोलू नका. सर सांगतील तर ऐकेन."

ढिलीने ते दोनदा वाचलं. जन्मभर गिळलेलं खरं तिने एकदाचं सांगितलं, आणि त्याची किंमत ही. तिने एकदा पलंगाकडे पाहिलं. मास्तरांनी चादर डोक्यावर घेतली होती. मग तिने पुन्हा बोटं उचलली आणि लिहिलं, "मी शिट्टीमास्तर. गोळ्या परत दे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी बंद करायची नाही. मुलीच्या चादरीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. हा हुकूम आहे."

"होय सर," उत्तर आलं. "चुकलो सर."

ढिली त्या शब्दांकडे बघत बसली. एवढं सोपं होतं तर. लोकांना खरं नको होतं, त्यांना शिट्टी हवी होती.

सकाळी भोपळ्याची मंडळी यायच्या आधी ती मास्तरांच्या खोलीत गेली. त्यांची मान उचलून तिने दोरी काढून घेतली आणि आपल्या गळ्यात घातली. मास्तर बघत राहिले. तिने पडदा सरकवला. पायाकडे जाऊन चादर एका झटक्यात ओढली. मास्तरांनी गुडघे पोटाशी घेतले. तिने शिट्टी वाजवली, लागत होती त्याहून पुष्कळ जोरात, आणि तशी वाजवताना तिला बरं वाटलं.

"उठा."

मास्तर उठले.

"सदरा घाला." वरचं बटण तुटलं होतं. ढिलीने डब्यातून बटण काढलं आणि अंगावरच लावून दिलं. सुई गळ्याशी असताना मास्तर श्वास धरून उभे होते.

दार उघडलं तर जिन्याच्या तोंडाशी भोपळ्या आणि वाकड्या, हातात फुलं. सर बरे झाले हे त्यांनीही वाचलं होतं. आवरून, सदरा घालून उभे असलेले सर बघून दोघांना भरून आलं. "सर! सकाळी सकाळी कुठे निघालात?"

बोलायची पाळी ढिलीची नव्हती. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"शिंपिणीकडे," ते म्हणाले. "माप द्यायला."

"नवा कपडा! वा, सर!" भोपळ्याने टाळ्या वाजवल्या आणि भिंतीला चिकटून वाट दिली.

मास्तर कठडा धरून उतरू लागले. एकेका पायरीवर थांबत होते. "मोजा," मागून ढिली म्हणाली. मास्तर हळू आवाजात पायऱ्या मोजू लागले. अर्ध्यावर त्यांचा श्वास चुकला आणि आकडाही चुकला. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती सोडून देऊ शकली असती.

"पहिल्यापासून," ढिली म्हणाली.

मास्तर वळले आणि पुन्हा वर चढू लागले.